आठ आकडे आणि एक भीती

जून महिन्यातील गोष्ट. ऑफिस सुटल्यावर अभ्यासिकेत थोडा वेळ बसून रात्री नऊच्या सुमारास घरी आलो, तर आमची थोरली वही मिटून भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिच्या आईने खुणेनेच सांगितले, आत्ता काही विचारू नका. जेवण झाल्यावर ती आपणहून बोलली, "पप्पा, क्लासच्या फीचा दुसरा हप्ता भरू नका. मला हे जमणार नाही. मला गणित येत नाही."

थोरली सीसीएनए या परीक्षेचा अभ्यास करते. सिस्को कंपनीची ही परीक्षा संगणकांचे जाळे, म्हणजे नेटवर्क, उभारण्या-सांभाळण्याच्या ज्ञानाची आहे. परीक्षेची फी ३०० डॉलर, आपल्या पैशात पंचवीस हजारांच्या घरात, वर कर वेगळा. क्लासचे पैसे त्याहून निराळे. पहिला हप्ता मी पतपेढीतून उचलला होता. पण मला पैशापेक्षा 'मला गणित येत नाही' हे वाक्य लागले. कारण हेच वाक्य बोलून शाळा सोडलेली किती तरी मुले मी वस्तीत पाहिली आहेत.

अडले होते ते 'सबनेटिंग' या धड्यात. क्लासच्या सरांनी फळ्यावर सूत्र लिहिले आणि "पाठ करा" म्हणून पुढचा धडा घेतला. मी म्हटले, "आण ती वही. मी बी. कॉम. आहे, नेटवर्क मला कळत नाही. पण आकड्यांशी रोजची गाठ आहे. दोघे मिळून बघू."

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहिले. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.७७. वरून हे चार आकडे दिसतात. आत मात्र ३२ घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. पत्त्याचा पुढचा भाग जाळ्याचा, मागचा भाग त्या संगणकाचा. दोहोंमधली रेघ कुठे ओढायची, एवढाच सबनेटिंगचा प्रश्न.

ही रेघ मला टेलिफोनमुळे कळली. टेबलावरच्या फोनने आयुष्यभर एसटीडी लावले आहेत. सुरुवातीचे शून्य सोडले तर मुंबईचा कोड २२, पुढे नंबर आठ आकडी. नागपूरचा ७१२, पुढे नंबर सात आकडी. लोणावळ्याचा २११४, पुढे नंबर सहा आकडी. बेरीज सगळीकडे दहाच! कोड लहान तर नंबरांना जागा जास्त, कोड मोठा तर जागा कमी. इथेही तसेच. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन २४ लिहिले असेल, तर पहिली २४ घरे जाळ्याची. उरली ८, त्यांत २५६ पत्ते बसतात. २६ लिहिले तर उरली ६ घरे, पत्ते ६४. एक घर घेतले की पत्ते निम्मे होतात.

मग थोरलीला वहीच्या पहिल्या पानावर आठ आकडे लिहायला लावले: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. प्रत्येक आकडा आधीच्याचा निम्मा. वाण्याच्या दुकानातील वजनांसारखे हे वापरायचे. ७७ तोलायचे तर ६४, ८, ४ आणि १ ही चार वजने टाकायची. तिथे एक, बाकी जागी शून्य. सगळी आठ वजने टाकली तर २५५. म्हणूनच पत्त्याच्या कोणत्याही भागात २५५ च्या वर आकडा दिसत नाही. यात चौथीच्या बेरजेपलीकडे काहीही नाही.

आता ऑफिसचेच उदाहरण घेतले. हिशेब, आवक-जावक, साहेबांचा कक्ष आणि लोकांसाठीची खिडकी, असे चार विभाग करायचे. २५६ पत्त्यांचे चार भाग म्हणजे प्रत्येकी ६४. दोन घरे जाळ्याकडे गेली, म्हणून २४ चे झाले २६. त्या दोन घरांची वजने १२८ आणि ६४, बेरीज १९२. म्हणून मास्क २५५.२५५.२५५.१९२. २५६ मधून १९२ वजा केले की ६४ उरतात. विभाग सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ वर. मग ७७ नंबरचा संगणक दुसऱ्या विभागात, १४० नंबरचा तिसऱ्या. दोघांना एकमेकांशी बोलायचे तर राउटरमार्गे जावे लागेल, आणि कोणाला सोडायचे, कोणाला अडवायचे हा नियम तिथे लावता येतो. हिशेबाचे संगणक खिडकीपासून वेगळे ठेवण्याचा फायदा हाच.

आणि इथे माझीच फजिती झाली. थोरलीने विचारले, "एका विभागात ३० संगणक आहेत. किती पत्त्यांचा भाग द्याल?" मी ऐटीत म्हटले, "३२ चा." ती हसली. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. म्हणाली, "पप्पा, पहिला पत्ता त्या जाळ्याचा स्वतःचा. गल्लीचे नाव खोलीला देत नाहीत. शेवटचा पत्ता सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. उरले ३०. त्यातला एक राउटरला लागेल. तुमचा तिसावा माणूस उभाच राहिला! ६४ चा भाग घ्यावा लागेल." जिला गणित येत नव्हते, तिने हिशेबनीस बापाची चूक काढली होती. दुसऱ्या दिवशी मी दुसरा हप्ता भरला.

पुढे या विद्येचा इतिहासही वाचला. १९८१ साली हे पत्ते ठरले, तेव्हा जाळ्यांचे तीन मुख्य वर्ग केले होते. पहिल्या वर्गाला एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते, दुसऱ्याला ६५,५३६, तिसऱ्याला २५६. पहिल्या आकड्यावरून वर्ग ठरे आणि मग तो बदलत नसे. ज्याला तीनशे हवेत त्याला २५६ पुरत नसत आणि ६५,५३६ घेतले तर बाकीचे वाया जात. १९८५ मध्ये जाळ्याचे आतून भाग पाडण्याची रीत ठरली आणि १९९३ मध्ये ही वर्गव्यवस्थाच मोडीत काढून ज्याला जेवढी गरज तेवढी जागा देण्याचा नियम आला. आपल्या वाचकांना यातील न्याय वेगळा समजावून सांगायला नको. तरीही जगाचे ४२९ कोटी पत्ते अपुरेच पडले; २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठा संपला.

आता थोरली रोज सकाळी दहा गणिते हाताने सोडवते. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून सुरुवातीपासून कागद-पेन्सिलच बरी. रविवारी अभ्यासिकेत आणखी तीन मुले तिच्याजवळ बसतात. सिस्कोचेच 'पॅकेट ट्रेसर' नावाचे सॉफ्टवेअर नाव नोंदवल्यावर फुकट मिळते. त्यात खोटे जाळे उभारून खरा सराव होतो.

पालकांना दोन गोष्टी सांगतो. या प्रमाणपत्राने नोकरी हमखास मिळते असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. त्याची मुदतही तीनच वर्षांची असते. क्लासची फी भरण्यापूर्वी एक दिवस वर्गात बसू द्या म्हणावे, आणि सर समजावून सांगतात की पाठ करायला लावतात ते मुलांना पाहू द्यावे. दुसरी गोष्ट, 'आम्हाला काय कळते त्यातले' असे म्हणून मुलांच्या वहीपासून दूर राहू नका. मलाही कळत नव्हते. शेजारी बसून "हे असे का?" एवढे विचारले तरी पुरते. समजावताना मुलाचे त्यालाच समजत जाते.

थोरलीची परीक्षा पुढील महिन्यात आहे. निकाल काहीही लागो, याच सदरात कळवीन. ते वाक्य मात्र आमच्या घरात पुन्हा ऐकू आलेले नाही.