बोंडअळीचे पंचांग

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची चर्चा आपल्याकडे बियाणे, फवारणी आणि भरपाई या तीन शब्दांत संपते. अळीला स्वतःला काय कळते, हे सहसा कोणी विचारत नाही. जालना जिल्ह्यात तरी ते विचारले गेले पाहिजे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको स्थापन केली ती जालन्यात, आणि 2002 मध्ये देशात लागवडीची परवानगी मिळालेले पहिले बीटी वाण याच कंपनीचे होते. त्याच जिल्ह्यात अंबड-भोकरदनचा शेतकरी आता दिवाळीच्या सुमारास हिरवे बोंड फोडून आत डोकावतो. बाहेरून बोंड धडधाकट आणि आत सरकी पोखरलेली, असा हा प्रकार आहे.

या किड्याचा पतंग निशाचर. मादी रात्री एक गंध हवेत सोडते. दोन अगदी सारख्या रसायनांचे ते जवळजवळ निम्मे-निम्मे मिश्रण असते, आणि 1973 मध्ये शास्त्रज्ञांनी ते ओळखले. नराच्या मिशांना तो गंध नेमका कळतो, अमेरिकन बोंडअळीच्या मादीचा गंध मात्र त्याला खेचत नाही. शेतात लावतात तो कामगंध सापळा यावरच चालतो. म्हणून दुकानातून चुकीची ल्यूर आणली, तर सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी निश्चिंत होतो! एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर फवारणीचा विचार करायचा. सापळा ही रोगाची नाडी आहे, औषध नव्हे, हे मात्र पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते.

वेळ गाठणे महत्त्वाचे, कारण अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि मागचे छिद्र बुजते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलतच नाहीत; तीच डोमकळी. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. 2017 मध्ये ही अळी महाराष्ट्रभर उफाळली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. तेथे फवारले गेले ते सगळे या अळीसाठी नव्हते. पण बीटीमुळे फवारणी संपेल, या आश्वासनाचे काय झाले ते त्या हंगामाने दाखवले.

बीटीचे विष अळीच्या आतड्यातील विशिष्ट प्रथिनांना जाऊन चिकटते, तेव्हाच तिला मारते. ते प्रथिन बदललेली एखादी अळी वाचते आणि तिचा वंश वाढतो. 2010 मध्ये गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला ही अळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. 2006 मध्ये आलेली दोन जनुकांची कपाशीही पुढे तिने पचवली. साध्या कपाशीच्या आश्रय-ओळी लावल्या असत्या, तर हे लांबले असते. त्यासाठी 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची पुडीही मिळे. बहुतेकांनी ती बांधावरच टाकली. तोट्याच्या धंद्यात अळीसाठी पाचवा हिस्सा कोण पेरणार? शिवाय आपल्याकडची कपाशी संकरित. तिच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी, काही बिनविषारी. प्रतिकार शिकण्यासाठी अळीला याहून सोयीची शाळा नाही.

अळी दिवसही मोजते. दिवस लहान आणि थंडी वाढू लागली, की पूर्ण वाढलेल्या काही अळ्या सरकीत, पऱ्हाटीत किंवा मातीत सुप्त होतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांचे पतंग निघतात. तेव्हा पाते लागलेली कपाशी नसेल, तर अंडी घालायला जागा न मिळून ते मरतात. मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी त्यांना आयतेच घर देते. जूनपूर्वी बियाणे विकू नये, या आग्रहामागचे कारण हेच. फरदड घेऊ नका, हा सल्लाही म्हणूनच. पण फरदड हौसेने कोणी घेत नाही. विहिरीत रब्बीपुरते पाणी नसते आणि एका पाण्यावर दोन क्विंटल तरी निघतील, असा त्यामागचा हिशेब असतो. त्याला दुसरे पीक न देता अडाणी ठरवणे सोपे आहे.

अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. बीटीबरोबरच गंधाचा वापर, कारखान्यात वाढवून सोडलेले वांझ पतंग आणि वेळेत मोडलेले पीक, हे सारे तेथे एका वेळी, सलग क्षेत्रावर झाले. आपल्याकडेही झाडांना कृत्रिम गंधाच्या दोऱ्या बांधून नराला चकवण्याचे प्रयोग झाले आहेत. तेही सलग क्षेत्रावरच साधते, कारण शेजारच्या वावरात मीलन झालेली मादी बांध ओलांडून येते. दोन-चार एकरांच्या धन्याला हे एकट्याने करता येणार नाही. गावाने एकत्र लावणी करावी, जिनिंगच्या आवारातही सापळे असावेत, आणि ल्यूर पाते लागण्याआधी गावात पोहोचावी. सध्या ती पोहोचते तेव्हा अनेकदा बोंडे भरलेली असतात.