स्तनांचा एमआरआय : जाण्यापूर्वी

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाल्यावरही डॉक्टर स्तनांचा एमआरआय करण्यास सांगतात, तेव्हा घरात सर्वांच्या मनात एकच शंका येते : काही वाईट असल्याखेरीज कशाला सांगतील? ही शंका स्वाभाविक आहे, पण नेहमीच खरी नसते. निदान झालेल्या कर्करोगाची व्याप्ती पाहण्यासाठी, आधीच्या तपासण्यांतून उलगडा न झाल्यास किंवा घराण्यात बीआरसीए जनुकातील दोष आढळल्यास ही तपासणी सुचवली जाते. ती मॅमोग्राफीची जागा घेत नाही; चुन्याचे सूक्ष्म कण मॅमोग्राफीतच अधिक चांगले दिसतात. म्हणून जुन्या फिल्म व अहवाल अवश्य सोबत न्यावेत.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. असतो तो प्रबळ चुंबक, आणि यंत्र शांत असतानाही त्याची शक्ती कायम असते. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतील पिना, कवळी, श्रवणयंत्र हे सारे बाहेरच ठेवावे. सोबत्यानेही किल्ल्या, मोबाइल किंवा नेहमीची चाकांची खुर्ची आत नेऊ नये.

रुग्णास पालथे झोपवून स्तन खालील पोकळ्यांत ठेवले जातात. साधारण अर्धा ते पाऊण तास स्थिर राहावे लागते. मान, खांदे वा पाठ दुखत असेल, पालथे झोपल्यावर धाप लागत असेल किंवा बंदिस्त जागेची भीती वाटत असेल, तर वेळ ठरवतानाच सांगावे. यंत्राचा आवाज मोठा असतो; कानांत बोळे देतात. हातात एक रबरी फुगा असतो. तो दाबताच मदत मिळते.

बहुधा मध्येच शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले जाते. ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. म्हणून मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल दाखवावा. पूर्वी अशा द्रव्याची ॲलर्जी झाली असल्यास तेही लपवू नये.

एमआरआय अतिशय संवेदनशील आहे. कर्करोग नसलेले भागही त्यात उजळून दिसू शकतात आणि मग बायोप्सी सुचवली जाते. बायोप्सी सांगितली म्हणजे कर्करोग ठरला, असे नव्हे.

आता सोबत जाणाऱ्यांसाठी एक विनंती. तपासणीपूर्वीचा प्रश्नांचा तक्ता बहुधा मुलगा किंवा सूनच घाईने भरते. पेसमेकर आहे का, मेंदूच्या रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, असे त्यात विचारलेले असते. आपल्याला ठाऊक नाही म्हणून ‘नाही’ लिहू नका. हा तक्ता आदल्या दिवशी घरीच, आईच्या शेजारी बसून, एकेक प्रश्न वाचून भरा. आपल्या जन्मापूर्वीचे एखादे ऑपरेशन तिच्याच स्मरणात असेल. आणि त्या यंत्राच्या दारात तिचे ते स्मरणच तिचे रक्षण करील.