विमानतळाची फीत कापून झाली, आता विमान कुठलं ते सांगा

पोस्ट मोठी आहे, आकडे आहेत. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. कारण पैसे आपले आहेत.

आपल्याकडे नव्या विमानतळाची बातमी आली की तीन गोष्टी हमखास कळतात. धावपट्टी किती मीटरची, खर्च किती कोटी आणि फीत कोणी कापली. तिथून उडणारं विमान कुठलं, किती सीटचं, आठवड्यातून किती दिवस येणार, आणि तिकिटाच्या पैशात खर्च भागला नाही तर उरलेला कोण भरणार, हे मात्र बातमीत नसतं. वास्तविक विमानसेवा म्हणजे एवढंच. बाकीचं सगळं बांधकाम.

सिंधुदुर्गातलं चिपी घ्या. ९ ऑक्टोबर २०२१ ला थाटात उद्घाटन झालं. श्रेय कोणाचं यावरून स्टेजवरच टोलेबाजी झाली, आठवत असेल. अडीच किलोमीटरची धावपट्टी, मोठी जेट विमानं उतरतील अशी. मुंबईची सेवा सुरू झाली ती ७० सीटच्या एटीआर-७२ ने, उडान योजनेखाली. योजनेचं अनुदान तीन वर्षांचं. तीन वर्षं संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईची फेरी बंद. धावपट्टी तिथेच, टर्मिनल तिथेच, कोकणी माणूसही तिथेच. थांबलं फक्त विमान. मग वर्तमानपत्रांत ‘विमानसेवा पूर्ववत करा’ अशी निवेदनं. निवेदन कोणाला देणार? कागदावर कोणी काही चुकीचं केलंच नव्हतं. करार तीन वर्षांचा होता, तीन वर्षं झाली.

आणि चिपी काही एकटं नाही. कॅगचा उडानवरचा २०२३ चा अहवाल बघा. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ५४. शंभरातले सात! शंभर एसटी सोडल्या आणि सातच पोचल्या, तर आपण ड्रायव्हरला दोष देऊ की वेळापत्रक बनवणाऱ्याला?

आता हिशेबाकडे येऊ. विमान कंपनीच्या खर्चाचे दोन भाग असतात. पहिला, विमान उडो न उडो लागणारा. लीजचं मासिक भाडं (तेही डॉलरमध्ये), पायलटांचे पगार, विमा, इंजिनियर, सुटे भाग. दुसरा, उडल्यावर लागणारा. इंधन, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी तासागणिक बाजूला काढायचे पैसे, आणि प्रत्येक टेकऑफ-लँडिंगला होणारी झीज. छोट्या अंतरावर हा दुसरा भाग चांगलाच जड होतो, कारण विमान जास्त इंधन पितं ते चढताना, आणि तासाभराच्या फेरीत चढणं-उतरणंच बराच वेळ खातं.

यातला कुठलाही खर्च आत किती माणसं बसली हे बघून ठरत नाही. ७० सीटचं विमान २५ माणसं घेऊन गेलं तरी इंधन जवळजवळ तेवढंच. कंपनी सांगते, ‘मोठ्या विमानात सीटमागे खर्च कमी’. खरं आहे. पण तो रिकाम्या सीटलाही वाटलेला असतो. रिकामी सीट पैसे देत नाही.

ढोबळ हिशेब करू. माझे आकडे गोळाबेरीज आहेत, कोणी जाणकार दुरुस्त करील तर आनंदच. मुंबई ते चिपी हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर धरा. एटीआर-७२ ला एका बाजूला साधारण ९०० लिटर इंधन लागेल. आठवड्यातून तीन फेऱ्या केल्या तर एका दिशेला २१० सीट, २,७०० लिटर. आता दुसरं विमान घ्या, डॉर्नियर २२८. आपल्या एचएएलने कानपूरला बनवलेलं, १७ सीटचं. एप्रिल २०२२ पासून अरुणाचलात दिब्रुगड-पासीघाट मार्गावर प्रवासी सेवेत आलेलं. याला त्याच अंतराला ४०० लिटर धरा. रोज एक फेरी, आठवड्याला सात. ११९ सीट, २,८०० लिटर.

म्हणजे इंधन जवळपास तेवढंच. एकीकडे आठवड्यातून तीन दिवस मोठं विमान, दुसरीकडे रोज छोटं. आता सांगा, माणसं किती आहेत? आठवड्याला १०० प्रवासी असतील तर दोन्हीकडे माणशी २७-२८ लिटर पडतात. मग रोजची फेरी का नको? आणि १८० असतील तर छोट्यात मावणारच नाहीत, तिथे मोठंच विमान हवं. म्हणजे निवड ठरते ती प्रवासी मोजून. पण मोजतो कोण? आपल्याकडे आधी धावपट्टी, मग उद्घाटन, मग ‘प्रतिसाद बघू’.

छोट्या विमानाचा मी भाट नाही, हेही लगेच सांगतो. पायलट दोन्हीकडे दोनच लागतात, पण एकीकडे त्यांचा पगार ७० सीटांवर वाटला जातो, दुसरीकडे १७ वर. फेऱ्या दुपटीहून जास्त म्हणजे झीजही जास्त. डॉर्नियरच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, त्यामुळे ते फार उंच जात नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कडेने ढगांतून हादरे खात जाणं सगळ्यांना झेपणार नाही. आणि मुंबई-अमरावतीसारख्या साडेपाचशे किलोमीटरच्या मार्गावर असं सावकाश विमान घालणं म्हणजे बैलगाडीने लग्न गाठणं. तिथे एटीआरच बरोबर.

पण मग अमरावतीत चुकलं काय? एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस. अंबा एक्स्प्रेस रोज रात्री आहे. कोकणात कोकणकन्या रोज आहे. ज्याला मंगळवारी मंत्रालयात तारीख आहे, टाटा हॉस्पिटलमध्ये नंबर आहे, त्याला सोमवार-बुधवारचं विमान काय कामाचं? तो रेल्वेनेच जाणार. आणि एकदा रेल्वेने गेला की कंपनी म्हणणार, प्रतिसाद नाही. अरे, तुम्ही रोज येत नाही म्हणून तो येत नाही, आणि तो येत नाही म्हणून तुम्ही रोज येत नाही!

इथे मला आपली मुक्कामाची एसटी आठवते. रात्री गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे, पहाटे पहिली गाडी तालुक्याला. माणूस कोर्टाचं, दवाखान्याचं काम उरकून संध्याकाळच्या गाडीने घरी. एसटीने हे दान म्हणून केलं नाही, गावाची गरज कुठल्या वेळेला आहे हे ओळखून केलं. आणि कुठल्याही डेपो मॅनेजरने आडवाटेच्या वाडीला शिवनेरी पाठवली नाही. आपल्या छोट्या विमानतळांवर उलटं आहे. विमान मुक्कामाला मोठ्या शहरात, तिथल्या कामातून वेळ उरला की दुपारी इकडे एक चक्कर. वेळापत्रक विमानाच्या सोयीचं, प्रवाशाच्या नाही. विमान रात्री इथे ठेवायचं तर रात्री उतरण्याची सोय, एक इंजिनियर आणि पायलटांची राहण्याची व्यवस्था लागते. टर्मिनलच्या काचा-ग्रॅनाइटपुढे हा खर्च किरकोळ. पण त्याची फीत कापता येत नाही ना!

कोणी म्हणेल, छोट्या विमानांचा प्रयोग झालाय की. झालाय. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ सीटच्या बीचक्राफ्ट १९००-डी विमानांनी नाशिक, पुणे, जळगाव, मुंबई जोडलं होतं. २०२० मध्ये ती कंपनी थांबली. पण दुसऱ्या टोकाला ट्रूजेट होती, ७० सीटच्या एटीआरवाली. नांदेड, जळगाव, कोल्हापूरकरांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही थांबली. छोटंही बंद, मोठंही बंद. तेव्हा नुसत्या आकाराला दोष देऊन भागत नाही. बीचक्राफ्टचं उत्पादन २००२ मध्येच थांबलेलं, त्यात कंपनीकडे मोजकीच विमानं. अशा ताफ्यात एक विमान दुरुस्तीला गेलं की वेळापत्रकच कोलमडतं. लोक दोनदा फसतात, तिसऱ्यांदा टॅक्सी करतात. छोट्या सेवेला एक राखीव विमान लागतंच. अनुदानात त्याचा खर्च धरलाच नाही, तर पहिल्या बिघाडालाच सगळं कोसळणार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुंबईत विमान उतरवायला जागा कुठे? जिथे १८० सीटचं विमान उतरू शकतं, ती वेळ १७ सीटवाल्याला कोण देणार? बाजारावर सोडलं तर कोणीच नाही. म्हणूनच हा निर्णय सरकारने घ्यायचा असतो. आता नवी मुंबई सुरू झालंय. तिथे सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळा राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी राखून ठेवा. विमानतळ नवा आहे, आत्ताच ठेवल्या तर राहतील. पाच वर्षांनी मागाल तर तिथेही ‘जागा नाही’ हेच ऐकाल.

तिसरा आक्षेप नेहमीचा. ‘विमानाला अनुदान कशाला? श्रीमंतांचे चोचले.’ अनुदान आपण आत्ताही देतोय. उडानच्या अनुदानात राज्याचा वाटा २० टक्के आहे. शिवाय या विमानतळांवर इंधनावरचा व्हॅट नाममात्र, पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमन राज्याच्या खर्चाने. मुद्दा द्यायचं की नाही हा नाहीच. देऊन तीन वर्षांनी हातात काय उरतं, हा आहे.

इतर देशांत हे कसं करतात? स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी. दोन मिनिटांची, आठ सीटच्या आयलँडर विमानाने, १९६७ पासून. तिथली कौन्सिल सेवेचा करार करते, पैसे देते, आणि तिच्याकडे बससारखं बघते. अमेरिकेत १९७८ पासून छोट्या गावांसाठी अशी योजना आहे. कुठल्या गावाला कुठलं विमान, आठवड्याला किती फेऱ्या, वर्षाला किती डॉलर, हे सगळं जाहीर आदेशात छापलेलं असतं. तिथेही टीका होते, व्हायलाच हवी. पण टीका करायला लोकांच्या हातात आकडे असतात.

आणि लांब कशाला जायचं? १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. विमान पुस मॉथ, एका इंजिनाचं, एवढंसं. जुहूला विमानतळ म्हणजे मैदान. पावसाळ्यात पाणी साचलं की बिऱ्हाड पुण्याला हलायचं. ना टर्मिनल, ना ग्रॅनाइट. पण काय न्यायचंय ते ठरलेलं होतं, त्याचे पैसे कोण देणार ते ठरलेलं होतं, आणि ओझ्याला पुरेल एवढंच विमान घेतलं होतं. सेवा टिकली. आपण नव्वद वर्षांनी हाच क्रम उलटा केलाय.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात विमानतळाची घोषणा झाली, किंवा बंद पडलेली सेवा ‘लवकरच’ सुरू होणार असं कळलं, की टाळ्या वाजवण्याआधी लोकप्रतिनिधींना पाच प्रश्न विचारा.

१. विमान कुठलं, किती सीटचं, आणि ते बिघडलं तर बदली विमान कुठून येणार?

२. रोज येणार का? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल का? विमान मुक्कामाला कुठे?

३. रोज किती प्रवासी मिळतील हे कोणी मोजलं, आणि तो अहवाल कुठे वाचायला मिळेल?

४. दर फेरीमागे आपण किती रुपये देतोय आणि त्यात किती सीट भरल्या, हे दर महिन्याला जाहीर करणार का?

५. चौथ्या वर्षी पैसे कोण देणार?

यातल्या एकाचंही उत्तर नसेल, तर ती विमानसेवा नाही. तीन वर्षांची जाहिरात आहे, आपल्याच पैशाने केलेली.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. उलट रात्री अकराला कोकणकन्येच्या जनरल डब्यात पेशंटला घेऊन चढणारी माणसं मी पाहिलीत, म्हणून हे लिहितोय. त्यांना अडीच किलोमीटरची धावपट्टी नकोय. त्यांना उद्या सकाळी नक्की येणारं विमान हवंय, मग ते १७ सीटचं का असेना.

असहमत असाल तर जरूर लिहा. फक्त नेत्याचा फोटो नको, आकडे घेऊन या.