टोन लावला का?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हे भांडण आमच्या हॉस्टेलवर मराठीतच चालतं, म्हणून मराठीतच लिहिते.

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला त्याच रात्री मी क्लबचा वॉकीटॉकी, म्हणजे हॅम भाषेत ‘हँडी’, घेऊन अंधेरीच्या आमच्या गच्चीवर गेले. रिपीटरवर मुलुंडचे एक काका आणि बोरिवलीचे दुसरे काका पावसावर गप्पा मारत होते. आवाज एकदम लख्ख! मी कॉलसाइन दिला. एकदा, दोनदा, दहादा. उत्तर नाही. म्हटलं, नवीन मुलगी म्हणून भाव देत नाहीत. तासभर फुगून बसले. मग कळलं, टोनच लावला नव्हता. माझा आवाज काकांपर्यंत पोचलाच नव्हता.

आता बघा. बोरिवली आणि मुलुंडच्या मधे नॅशनल पार्कचे डोंगर आहेत. पाच वॅटच्या हँडीला ते ओलांडणं कठीण. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. दोन मीटर बँडवर दोन्हींत बहुधा ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. पण उंचावरच्या कानाला कचराही फार ऐकू येतो. कुठल्या तरी बिघडलेल्या यंत्राची खरखर, उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे लांबचे सिग्नल. प्रत्येक खरखरीला त्याने तोंड उघडलं तर झालंच! म्हणून सीटीसीएसएस. आपल्या बोलण्याखाली सेट एक बारीक, सलग सूर पाठवतो, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधला. सेट बोलणं ३०० हर्ट्झच्या वरचं पाठवतो, त्यामुळे हा सूर स्पीकरवर गाळून टाकता येतो. तो ओळखला तरच रिपीटर उघडतो. (आपली वीज ५० हर्ट्झची, पॉवर सप्लायची घरघर १०० ची. तेव्हा १०० चा टोन निवडणाऱ्याने दोनदा विचार करावा!)

आमच्या शाळेत सिस्टरला ठरलेल्या चालीवर ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्याशिवाय वर्गात घेत नसत. चाल बरोबर असली की आत. नाव कोणी विचारायचं नाही. टोन म्हणजे एवढंच. मोटोरोलाने त्याला ‘प्रायव्हेट लाइन’ नाव दिलं आणि सगळा घोळ झाला, असं माझं मत. प्रायव्हेट त्यात काही नाही. साधा रिसीव्हर असलेला कोणीही सगळं ऐकू शकतो.

आणि आमचे सीनियर्स टोन जपतात जणू मेसच्या कोठीची किल्ली! म्हणे, जाहीर केला तर बिनपरवान्याची पोरं येऊन गाणी वाजवतील. भीती खोटी नाही. पण ज्याला त्रासच द्यायचाय तो चाळीस-पन्नास टोन एका संध्याकाळी फिरवून बघेल. त्याला अडवायला परवाना आणि कायदा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या हॅम रिपीटरलाही टोन लागतो, ६७ हर्ट्झ. तो जगजाहीर आहे. मग आपलंच काय एवढं गुपित?

गुपिताचा परिणाम सांगते. पास होऊन गेलेल्या एका सीनियरची फाइल केबलने सगळ्या सेट्समध्ये कॉपी केलेली. पुढे रिपीटरचा टोन बदलला आणि आमचे सगळे हँडी एकदम मुके. दुरुस्तीला बसलेल्या हुशाराने टी-सीटीसीएसऐवजी आर-सीटीसीएसमध्ये आकडा घातला. टी म्हणजे पाठवायचा, आर म्हणजे ऐकण्यासाठी. रिपीटर परत टोन पाठवतच नव्हता, त्यामुळे सेट मुका होताच, आता बहिराही झाला! (तो हुशार म्हणजे मीच.)

हसण्यावारी नेऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. वीज गेली, मोबाइल कोलमडले. त्या रात्री मुका सेट हातात असणारा काय करेल? पास होऊन गेलेल्या सीनियरला फोन लावेल?

माझी मागणी एवढीच. क्लबच्या कपाटावर पट्टी लावा: फ्रीक्वेन्सी, ऑफसेट, टोन. आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा केबलशिवाय, कीपॅडवरून स्वतः सेट भरून दाखवायचा. रूम पार्टनर म्हणते दहा मिनिटांचं काम आहे. मला पहिल्यांदा चाळीस लागली.

पट्टी मी लिहून ठेवली आहे. कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी इंडस्ट्रियल व्हिजिटला!