चाकांवरचा संसार, मोरजीत

थंडी पडली की मोरजी, आश्वे, हरमल या गोव्यातल्या पेडण्याच्या किनारपट्टीवर राहत्या गाड्या दिसू लागतात. कायमचा संसार गाडीत मांडणाऱ्या नवख्याने आधी कागद पाहावेत. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मनाला येईल तसा करता येत नाही.

मग जागा. मालकाला विचारून आवारात थांबावं, पण माडाखाली नको. छतावरचं सौर पॅनेल फोडायला एक नारळ पुरतो.

वाळूवर गाडी नेणं बेकायदा आहे. मोरजीत त्याहून मोठं कारण आहे. तेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या रोखाने निघतात. गाडीचा दिवा जळत असेल तर समुद्र सोडून ती जमिनीकडे सरकतात. तेव्हा रात्री बाहेरचे दिवे बंदच ठेवावेत. शौचाची टाकी शापोरा नदीत रिती करणं तर अक्षम्य.

खरी परीक्षा जूनमध्ये. छताच्या झडपेभोवतीचं सीलंट मे महिन्यातच बोटाने दाबून पाहावं. ठिसूळ लागलं तर खरवडून नवं भरावं. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टोकांवर थर चढतो. तारा सोडवून तो घासून काढावा, वर पेट्रोलियम जेली लावावी.