चारित्र्याची चौकशी पुरे, कागद करा!

घरभाड्याचा प्रश्न आपल्या बैठकांमध्ये येतो तो बहुधा भाडेकरू बाईच्या बाजूने. परित्यक्तेला खोली मिळत नाही, नवऱ्याचं नाव विचारलं जातं, जात विचारली जाते, वस्तीत शोभा होईल म्हणून नकार मिळतो. हे सगळं खरंच आहे. पण खोली देणारं कोण असतं, इकडे आपण फारसं पाहत नाही. शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांवर बांधलेल्या घरात वरची खोली भाड्याने देणारी अनेकदा बाईच असते. नवरा गेलेला, पेन्शन नाही, मुलगा असून नसल्यासारखा. त्या भाड्यावर तिचा दवाखाना आणि गॅस चालतो. भाडेकरू भाडं बुडवील, खोली बळकावील, ही तिची भीती खोटी नाही.

प्रश्न असा की या भीतीचं ती करते काय? ती नियम करते. रात्री नऊनंतर दार बंद. पाहुणे नकोत. एकटी बाई नको. मटण-मासळी नको. म्हणजे ज्या चौकटीने तिला स्वतःला जन्मभर जखडलं, तीच ती दुसरीच्या दाराला ठोकते. आणि इतकं करून भाडेकरूने भाडं थकवलं, तर यातला एकही नियम तिच्या कामी येत नाही.

कामी येतो तो कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की ‘लिव्ह अँड लायसन्स’, तो लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ‘अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही’ हे एजंटांनी पसरवलेलं खूळ आहे. महाराष्ट्रात तसं नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. घरमालकीणबाईंनी हे वाक्य दोनदा वाचावं.

उलट कागद नीट असेल तर कलम २४ तिच्या बाजूने उभं राहतं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने पैसे मागता येतात. खर्च म्हणाल, तर महिना ५,००० भाड्याच्या खोलीला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने दोनशे रुपयांच्या आत-बाहेर बसतं. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. आता हे आधार आणि अंगठा वापरून घरबसल्याही होतं. एका महिन्याच्या बुडलेल्या भाड्यापेक्षा हे स्वस्त आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. वीज सबमीटरवर असेल तर युनिटचा दर करारातच लिहावा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. खोली पाहायला जायचं तर आधी कळवून, वाजवी वेळी. स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत शिरायचं नाही, मग आत एकटी मुलगी राहत असो की कुटुंब. भाडं थकलं म्हणून नळ बंद करणं, वीज तोडणं, सामान जिन्यात टाकणं हे तर मुळीच नाही. भाडेकरूच्या बाबतीत कलम २९ ची तशी स्पष्ट मनाई आहे, आणि लायसन्स असलं तरी रस्ता अर्जाचाच.

आता मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. खोली जोडप्याला देतो आपण, पण करार होतो नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. पुढे तो मारझोड करतो, निघून जातो, जाताना घरमालकिणीकडून अनामत रक्कमही उचलतो. मागे राहतात बायको आणि पोरं, हातात ना कागद ना पैसा. घरमालकिणीचंही भाडं अडकतं. दोघी बायका एकमेकींवर चिडतात, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो तिसरीकडे मोकळा!

म्हणून करारावर नवरा-बायको दोघांची नावं, दोघांच्या सह्या, आणि ‘अनामत दोघांच्या सहीशिवाय परत दिली जाणार नाही’ अशी एक ओळ. यात घरमालकिणीचं नुकसान काही नाही. भाड्याला एकाऐवजी दोन माणसं बांधली जातात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात भाड्याचं घरही ‘सामायिक घर’ धरलं आहे. कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला त्या घरावरचा हक्क परस्पर सोडून द्यायला मनाई करू शकतात आणि भाडं भरायला लावू शकतात. करारावर तिचं नाव असलं तर ‘ती इथे राहतच नव्हती’ हे नवऱ्याला म्हणता येत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, आपण घरमालकांची वकिली कशाला करायची? दहा-बारा खोल्यांची चाळ बांधून तिच्यावर जगणाऱ्याची वकिली मी करत नाही. पण एका खोलीच्या मालकिणीला आपण कायदा सांगितला नाही, तर तिला सांगायला एजंट आहे, पुतण्या आहे, नगरसेवकाचा माणूस आहे. आणि त्यांचा सल्ला ठरलेला असतो: एकट्या बाईला खोली देऊ नका.

गटांनी एवढं करावं. वरची अनामतीची ओळ घातलेला कराराचा मराठी नमुना आपल्या केंद्रात ठेवावा. बचतगटात खोल्या भाड्याने देणाऱ्या किती जणी आहेत ते विचारावं आणि त्यांची एक बैठक घ्यावी. नोंदणीला दोन साक्षीदार लागतात. एकट्या बाईला ते जमवताना नाकीनऊ येतात. त्या वेळी आपल्यातल्या दोघींनी आधार कार्ड घेऊन जावं.