लस गोठ्यापर्यंत थंड यायला पाहिजे
पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए कोरोना लसीला जून २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशातली तशी एक लस उणे ७० अंशात ठेवावी लागे. ही २ ते ८ अंशात टिकते.

एमआरएनए म्हणजे चिठ्ठी. शरीर ती वाचून विषाणूचा तुकडा बनवतं नि ओळखायला शिकतं. विषाणू बदलला की मजकूर बदलायचा.

लाळ्या-खुरकतचा विषाणूही आरएनएचाच. मग हे संशोधन बैलांसाठीही जोरात व्हावं, असं माझं मत. पण सडक अर्जुनीकडं लाइन गेली की फ्रीज बंद. उन्हात टिकणारी लस आली तरच कामाची. ऐन रोवणीत बैल बसला तर बांधी तशीच पडते.

तोवर सहा महिन्यांची लस चुकवू नका. टोचण्याआधी डब्यात बर्फ आहे का, बिनधास्त विचारा.